दसऱ्याचं ऑइल, अखजीचं ऑइल: एका ट्रॅक्टरचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावचा ट्रॅक्टर २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला माझ्या गॅरेजात आला. मालकाला दुरुस्ती नको होती, सल्ला हवा होता. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, ऑइल बदलायची वेळ झाली होती आणि या वेळी कोणतं टाकायचं एवढंच त्यांना विचारायचं होतं. कारण गेल्या तीन-चार महिन्यांत इंजिन ऑइल पिऊ लागलं होतं. दर बारा-पंधरा तासांच्या कामामागे लिटरभर वरून ओतावं लागत होतं. सकाळी स्टार्ट करताना निळसर धूर यायचा आणि रोटावेटरवर लोड आला की तो वाढायचा.

सल्ले त्यांना आधीच भरपूर मिळाले होते. गावातल्या मिस्त्रीचं म्हणणं होतं, इंजिन खोलून हाफ काम करून टाका, म्हणजे अर्धं इंजिन उघडून झिजलेल्या रिंगा बदला. साळ्याचं म्हणणं, २०डब्ल्यू-५० टाका, जाड ऑइल धूर दाबते. तालुक्याच्या दुकानदाराने महागडं सिंथेटिक पुढे केलं. तिघांनीही डिपस्टिक ओढून पाहिली नव्हती.

ट्रॅक्टर ४२ एचपीचा, तीन सिलिंडरचा, साधा डिझेल, टर्बो नाही. घेतला २०१६ मध्ये. घरची शेती नऊ एकर, सोयाबीन, तूर आणि कपाशी. पण नऊ एकरांसाठी कोणी ट्रॅक्टर घेत नाही, त्याची कमाई भाड्याच्या कामावर. उन्हाळ्यात पलटी नांगर आणि रोटावेटर, मग पेरणी, सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची मळणी, त्यामागोमाग हरभऱ्याची पेरणी, हिवाळाभर कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगला, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा काढणं आणि शेवटी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे वाळक्या झाडांत, रोटावेटर. चालवतो मुलगा. हिशेब ठेवतात वडील, आणि त्यांच्या त्या वहीनेच पुढे हे प्रकरण सोडवलं.

मी आधी विचारलं, ऑइल किती तासांनी बदलता?

"ऑइल तं आपण दर अखजीले न् दसऱ्याले बदलवतोच ना भाऊ. पूजा चुकली नाई कधी."

खरंच चुकली नव्हती. दसऱ्याला ट्रॅक्टर धुवायचा, ऑइल बदलायचं, झेंडूचा हार घालायचा. अखजीला पुन्हा तेच, कारण तिथून नवं शेतीवर्ष सुरू होतं. आमच्या भागात निम्मे ट्रॅक्टर असेच चालतात. या रिवाजाला मी नावं ठेवत नाही. ज्यांच्याकडे तोही नाही, त्यांच्या इंजिनांची हालत मी पाहिलेली आहे. अडचण वेगळी आहे: तिथी चंद्रावर चालते आणि ऑइल कामावर जळतं.

या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पहिलं ऑइल ५० तासांनी आणि नंतर दर २५० तासांनी बदला असं होतं, धुळीचं काम असेल तर त्याच्याही आधी. पण तास मोजणार कसे? अवर मीटरची केबल तुटून दोन वर्षं झाली होती आणि काटा एका जागी थिजला होता.

म्हणून मी डिझेलची वही मागवली. भाड्याचं काम करणारा माणूस डिझेलचा हिशेब काटेकोर ठेवतो, कारण नफा तिथेच दिसतो. या ताकदीचा ट्रॅक्टर रोटावेटरवर तासाला चार-पाच लिटर घेतो, मळणीयंत्रावर साडेतीन-चार, ट्रॉलीवर त्याहून थोडं कमी. सरासरी चार धरली तर तासांचा अंदाज बऱ्यापैकी बसतो. मला तर हा हिशेब मीटरपेक्षाही पटतो. केबलवर चालणारा मीटर इंजिनच्या फेऱ्या मोजतो आणि ठरावीक आरपीएमला एक तास दाखवतो. इंजिन त्याहून हळू फिरलं तर घड्याळातला तास मीटरवर पूर्ण भरत नाही. ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल किती जाणार, ते मात्र किती डिझेल जळलं त्यावरच ठरतं.

वहीतून निघालं ते असं. २२ एप्रिल २०२३ च्या अखजीपासून २४ ऑक्टोबरच्या दसऱ्यापर्यंत १९०० लिटर, म्हणजे सुमारे ४७५ तास. तिथून २०२४ च्या मे महिन्यापर्यंत १७५० लिटर, म्हणजे ४३५-४४० तास. पुस्तिका म्हणते २५०. दोन्ही वेळा जवळपास दुप्पट.

त्यातही २०२३ ची गंमत लक्षात घ्या. त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणून दसरा २४ ऑक्टोबरवर गेला. आदल्या वर्षी तो ५ ऑक्टोबरला होता. सोयाबीनची मळणी सप्टेंबरअखेर सुरू होते आणि ऑक्टोबरभर चालते. म्हणजे २०२२ मध्ये बहुतेक मळणी नव्या ऑइलवर झाली, आणि २०२३ मध्ये तोच रिवाज तितक्याच श्रद्धेने पाळूनही तीच मळणी अखजीच्या, चारशे तास ओलांडलेल्या ऑइलवर झाली. मळणी म्हणजे ट्रॅक्टर एका जागी उभा, पीटीओ (मळणीयंत्र फिरवणारा मागचा शाफ्ट) चालू, चोहीकडे भुसा, आणि रेडिएटरची जाळी तासाभरात बुजलेली. जाळी बुजली की इंजिन तापतं. ऑइलबाबत ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं तर त्याच्या सडण्याचा वेग दुप्पट होतो. वर्षातलं सगळ्यात कठीण काम सगळ्यात थकलेल्या ऑइलवर गेलं. दोष पंचांगाचाही नाही, त्याला कोणी विचारलंच नव्हतं की मळणी कधी आहे.

मग डिपस्टिक ओढली. ऑइल काळंकुट्ट होतं. त्यावरून काहीच ठरत नाही. डिझेल इंजिनात नवं ऑइलही थोड्याच तासांत काळं होतं, कारण काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम. उलट शंभर तासांनंतरही ऑइल मधासारखं पिवळं दिसलं तर मला शंका येते. म्हणून एक थेंब टीपकागदावर टाकला आणि कागद सावलीत ठेवला. ऑइलमध्ये दम असेल तर काजळी हळूहळू कडेपर्यंत पसरते आणि डाग करड्या वलयाचा होतो. इथे मधोमध डांबरासारखा काळा ठिपका धारदार कडेने तसाच बसून राहिला आणि त्याभोवती नुसतं फिकट तेल पसरलं. काजळी पेलायची ताकद संपली होती. फिल्टर फाडला तर कागदाच्या घड्यांत काळा चिखल. फिल्टर एक आड एक वेळा बदलायचे, असं मुलगा म्हणाला. फिल्टर बुजला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे आडवाटेची झडप, उघडतो आणि ऑइल न गाळताच बेअरिंगकडे जातं. इंजिन बंद पडत नाही, लाइट लागत नाही, म्हणून कोणाला कळत नाही.

पण एवढ्याने मला बारा तासांत लिटरभर ऑइल का जळतं याचं उत्तर मिळत नव्हतं. जुन्या ऑइलने इंजिन झिजतं ते हळूहळू. हे तीन-चार महिन्यांत झालं होतं.

बॉनेट उघडून एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळीकडे, जाणारा रबरी पाइप पाहिला. एका टोकाला क्लिप होती. दुसऱ्या टोकाला बाइंडिंगची तार, पक्कडीने पिळलेली. क्लिप जानेवारीत शेतातच तुटली आणि काम अडू नये म्हणून मुलाने तार बांधली.

"तार पक्की हाय ना भाऊ, पाइप काई निघत नाई."

पाइप निघत नव्हता हे खरं. पण तार दोन जागी आवळते आणि मधल्या भागात रबर किंचित उचललेलं राहतं. मी पाइप काढला आणि आतून बोट फिरवलं. बोटावर करड्या भुकटीची सरळ रेघ आली, नेमकी तार जिथे ढिली होती तिथून सुरू होऊन इंजिनच्या दिशेने गेलेली. मुलगा ती रेघ पाहत बराच वेळ काही बोलला नाही. फेब्रुवारीतला हरभऱ्याचा भुसा आणि एप्रिलमधल्या कोरड्या रोटावेटरची धूळ, सगळी क्लीनरला वळसा घालून थेट सिलिंडरात जात होती.

एअर क्लीनर ऑइल बाथचा. खालची वाटी काढली तर तळाला दोन बोटं गाळ आणि वर काळं ऑइल, खुणेच्या पार वर. त्यांनी वाटीत इंजिनमधून निघालेलं जळकं ऑइलच भरलं होतं, आणि "धूळ जास्त म्हणून ऑइल जास्त" असा हिशेब लावला होता. ऑइल बाथमध्ये हवा ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून वळते, धूळ ऑइलात अडकते आणि वरच्या जाळीत उरलेली गाळली जाते. पातळी खुणेच्या वर गेली की वेगाने जाणारी हवा ऑइलच उचलून आत नेते. म्हणजे जे ऑइल "इंजिन पिते" असं वाटत होतं, त्या धुरातला काही भाग वाटीतल्याच ऑइलचा होता. तो पिस्टनच्या रिंगांतून खालून येत नव्हता, वरून हवेबरोबर येत होता.

माझा निष्कर्ष तिथेच झाला. या ट्रॅक्टरला ऑइलच्या जातीचा आजार नव्हता. त्याची हवा घाण होती आणि तास कोणी मोजत नव्हतं.

तरीही ऑइल निवडायचं होतंच, आणि त्यावर आमचा वाद झाला. साळ्याच्या २०डब्ल्यू-५० पासून सुरू करू. डब्ल्यूनंतरचा आकडा ऑइल १०० अंशांना किती जाड राहतं ते सांगतो. ४० म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. ज्या इंजिनाची बेअरिंगं आणि पंप ४० साठी बनवलेत, त्यात ५० टाकलं तर धूर थोडा दबेल, पण थंड इंजिनात ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागेल आणि झीज तशीच चालू राहील. धूर हा निरोप आहे. निरोप्याचं तोंड बांधायला सांगणारा सल्ला मला आवडत नाही.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. १५डब्ल्यू ऑइल उणे २० अंशांना इंजिन फिरू देईल याची चाचणी झालेली असते, २०डब्ल्यू उणे १५ ला. यवतमाळ जिल्ह्यात कडाक्याची थंडी म्हणजे आठ-दहा अंश, तेही शून्याच्या वर. म्हणून १५डब्ल्यू-४० की २०डब्ल्यू-४० यावर चावडीत रंगणाऱ्या चर्चेत आमच्या हवेपुरता फारसा जीव नाही. तापल्यावर दोन्ही ४०च. मे महिन्यात पारा ४५-४६ वर गेला तरी इंजिनातलं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. बाहेर दहा अंश वाढले म्हणून ऑइल तेवढं पातळ होत नाही, पण जाळी भुशाने बुजली तर नक्की होतं.

कॅनवर खरं वाचायचं ते एपीआयची, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची, अक्षरं. डिझेलसाठी सी ने सुरू होणारी. सीएफ-४ हा १९९० चा दर्जा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा. जसजसं अक्षर पुढे जातं तसतशी काजळी पेलायची आणि आम्ल मारायची ताकद वाढते. पुस्तिकेने किमान सीएफ-४ मागितलं होतं. ते आतापर्यंत सुट्टं २०डब्ल्यू-४० घ्यायचे, ड्रममधून मापाने. त्या ड्रमवर दर्जा काय होता ते ना त्यांना आठवलं, ना दुकानदाराला सांगता आलं. ते बनावट होतं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण ज्याची अक्षरं वाचता येत नाहीत ते ऑइल मी माझ्या इंजिनात टाकणार नाही, मग ते कितीही स्वस्त असो. सिंथेटिकलाही मी नाहीच म्हटलं. ते ऑइल चांगलं असतं, पण धूळ आत जाणाऱ्या इंजिनात ते टाकणं म्हणजे पैसे गाळात घालणं. ठरलं ते सीलबंद कॅनमधलं, १५डब्ल्यू-४०, सीआय-४, साधं खनिज. कंपनी कोणतीही चालेल. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, तालुक्याला जे खात्रीच्या दुकानात ताजं मिळेल ते.

काम केलं ते एवढंच. इंजिन गरम करून जुनं ऑइल सोडलं, नवा फिल्टर, सात लिटर नवं ऑइल. रबरी पाइप नवा, दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा. वाटी डिझेलने धुतली, जाळी धुऊन वाळवली, वाटीत नवं ऑइल बरोबर खुणेपर्यंत. मीटरची केबल बदलली. आणि त्यांना सांगितलं की हे पहिलं ऑइल ६० तासांतच काढा. कारण इतक्या वर्षांचा गाळ नव्या ऑइलने सुटायला लागतो आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. ही गोष्ट त्यांना पटायला सगळ्यात जड गेली. "नवंकोरं ऑइल साठ घंट्यात सोडून द्याचं?" असं दोनदा विचारलं. पण सोडलं. फाडलेला दुसरा फिल्टर मी मुद्दाम त्यांच्यासमोर पसरला. पहिल्यापेक्षा बरा होता, स्वच्छ नव्हता.

महिन्याभरात टॉपअप पंचवीस-तीस तासांना लिटर इतकं खाली आलं. सकाळचा धूर राहिला, लोडवरचा बराच गेला. वाटीतून उचललं जाणारं ऑइल थांबलं, एवढाच त्याचा अर्थ. झिजलेल्या रिंगा ऑइल बदलून भरून येत नाहीत, हे मी मालकाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. फरक इतका की काम हंगामाच्या तोंडावर करावं लागलं नाही. खरीप, मळणी आणि कापसाच्या ट्रॉल्या निभावून २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी हाफ इंजिन केलं, चाळीस हजारांच्या आसपास खर्च आला.

इंजिन खोललं तेव्हा मी मुद्दाम थांबलो, कारण धूळ कुठून आली हे रिंगा सांगतात. तिन्ही सिलिंडरांत सगळ्यात वरची रिंग सर्वांत जास्त झिजलेली, लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, वरच्या भागात बोटाला लागेल अशी पायरी. खालच्या रिंगा आणि बेअरिंगं त्या मानाने ठीक. घाण ऑइलमधून आली असती तर खालचं सामान आधी गेलं असतं. हवेतून आलेली धूळ वरून खाली खाते. म्हणजे ४७५ तास ओढलेल्या ऑइलने नुकसान केलं, पण चाळीस हजारांतला मोठा वाटा चाळीस रुपयांच्या क्लिपेचा. गावातल्या मिस्त्रीचं निदानही चुकलं नव्हतं, काम करावंच लागलं. पण मे महिन्यात तार तशीच ठेवून नव्या रिंगा टाकल्या असत्या तर पुढच्या हंगामात त्याही गेल्या असत्या.

आता ऑइल तासांवर बदललं जातं. मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूने पुढचा आकडा लिहिलेला असतो. एरवी २५०, आणि मळणी जवळ आली असेल तर आकडा भरला नसला तरी मळणीच्या आधी. फिल्टर दर वेळी. वर्षाला दोनऐवजी चार वेळा म्हटलं तर ऑइल-फिल्टरचा खर्च साडेपाच हजारांनी वाढला, ९०० तासांवर वाटला तर तासाला सहा रुपये. दसऱ्याची पूजा होते, हार घातला जातो, ऑइल बदलायची वेळ असेल तरच बदलतात. डिपस्टिक सकाळी, सपाट जागी, स्टार्ट करायच्या आधी. पूर्वी मुलगा बांधावर तिरप्या उभ्या ट्रॅक्टरची पाहायचा आणि मग "थोडं जास्त असलं तं काय होते" म्हणून खुणेच्या वर भरायचा. वर भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

दोन जोडगोष्टी राहिल्या. कॅनमध्ये उरलेलं अर्धा-पाऊण लिटर ऑइल मोटारसायकलमध्ये टाकायची सवय इथे घरोघरी आहे. मोटारसायकलमध्ये तेच ऑइल इंजिनाला, गिअरला आणि ओल्या क्लचलाही लागतं, म्हणून तिच्या कॅनवर जासो एमए किंवा एमए२ (ओल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) लिहिलेलं असावं लागतं. १०० सीसीच्या गाड्यांना साधारण १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं. ट्रॅक्टरच्या ऑइलवर ती हमी नाही. गाडी चालेल, पण क्लच घसरू लागला की दोष क्लच प्लेटला जातो. आणि निघालेलं जळकं ऑइल: एअर क्लीनरच्या वाटीत तर नाहीच, पण वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासणं किंवा विहिरीजवळ ओतणंही बंद करा असं मी सांगतो. २०१६ च्या नियमांनी वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. आता ते डब्यात साठवून माझ्याकडे आणून देतात, मी गोळा करणाऱ्याला देतो.

यंदा पुतण्याने ५५ एचपीचा नवा ट्रॅक्टर घेतला. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, लागू आहेत. कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी पद्धत), धूर स्वच्छ करणारी यंत्रणा, आणि त्याच्या पुस्तिकेत कमी राखेचं सीके-४ ऑइल. जुन्या ट्रॅक्टरचं सीआय-४ त्यात टाकलं तर राख त्या यंत्रणेत साचते. उलटं मात्र चालतं, सीके-४ जुन्यात घातलं तरी बिघडत नाही, फक्त महाग पडतं. मी म्हटलं, दोन्हीत सीके-४च घाला, निदान गोंधळ तरी होणार नाही. काकांनी वही काढली, जुन्या ट्रॅक्टरचे चार बदल गुणिले सात लिटर असा गुणाकार मांडला, आणि दोन वेगवेगळे कॅन न्यायचं ठरवलं. नव्याचा कॅन मात्र पुतण्याच्या घरी ठेवायचा, आपल्या कोठ्यात नाही, ही अट त्यांनी स्वतःच घातली.